बाराव्या भागातली बदली

ती कोरियन मालिका बघू नका, आधीच सांगतो. एका ऑफिसातली दोन पोरं प्रेमात पडतात, अकरा भाग नुसतं एकमेकांकडं बघत बसतात आणि बाराव्यात एकाची बदली होते. संपली मालिका! मी डोक्याला हात लावला.

शेजारी आई वाटाणे सोलत होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. लग्नानंतर सहा वर्षं तिची नोकरी पिशोरला आणि बाबांची गंगापूरला. त्यामुळं ती माझ्यापेक्षा जास्त भडकली.

“येडे हायेत का हे? अर्ज करायचा ना! नवरा-बायकोला एका ठिकाणी बदली मिळते. आम्हाला नाय का मिळाली?”

“आई, ते दोघं पुरुष आहेत.”

“दिसतंय मला. म्हणून काय जन्मभर लांब राहायचं?”

आईनं दोन-चार शेंगा सोलल्या आणि मान वर न करताच म्हणाली, “तुझा तो नितीन नांदेडला गेल्यापासून तू धड जेवत नायस. त्याला म्हणावं, अर्ज कर. मी लिहून देते. कारण काय टाकायचं, तेवढं तुम्ही दोघं ठरवा.”