वेल्डाबाईंची पर्स आणि कॉयचं मनगट

...आणि वरून सगळे मलाच समजावतात, 'वेल्डा, तुझं काहीएक चुकलं नाही!' नवरा म्हणतो, पोलिसांचा डेप्युटी म्हणतो, चर्चच्या जेवणात बटाट्याचं सॅलड वाढता वाढता बायका म्हणतात... अहो, काही चुकलं नाही तर त्या पोराचं मनगट काय आपण होऊन मोडलं? बसा, तुम्हाला पहिल्यापासून सांगते. तुमचे केस ओलेच आहेत, अशा कुठं जाणार!

तर पिस्तूल ही काही माझी हौस नव्हे, हे आधी ध्यानात घ्या. मी केस कापणारी बाई. एकतीस वर्षं या डोंगरातल्या गावात बायकांची डोकी धुतेय, माझ्या हातात कात्री शोभते. पण दोन वर्षांपूर्वी दुकानाची मागची काच फोडून कुणीतरी आत शिरलं आणि नेलं काय, तर दोन हेअर ड्रायर आणि बिस्किटांचा डबा. झालं! आमचे हॉबर्ट पेटले. 'आज बिस्किटं नेली, उद्या तुला नेतील!' मला कोण नेतंय हो? चौसष्ट वर्षांची बाई, गुडघे हे असे... नेणारा अर्ध्या वाटेवरून परत आणून सोडेल! पण ऐकतील तर ते हॉबर्ट कसले. वाढदिवसाला पिस्तूल आणलं, पंजाएवढं, गुलाबी कागदात गुंडाळून. मला वाटलं, केस कुरळे करायचा नवा चिमटा आणला! मी 'अय्या' म्हणून उघडलं आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

मग परवाना. परवान्यासाठी आठ तासांचा वर्ग. शिकवायला मिस्टर टेस्टरमन, निवृत्त सैनिक, मान म्हणून नाहीच, खांद्यावर थेट डोकं. आणि त्यांचं आठही तास एकच पालुपद: 'हात दिसू द्या!' गाडी घासली, हात दिसू द्या. पोलीस आला, हात दिसू द्या. पर्समध्ये हात घालायचा नाही, सीटखाली वाकायचं नाही, आधी सांगायचं, मग हलायचं. आणि पोलिसानं विचारायच्या आत आपणच म्हणायचं, 'साहेब, माझ्याजवळ परवान्याचं पिस्तूल आहे, ते पर्समध्ये आहे, मी काय करू?' आमच्याकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं हो! मी घरी भांडी घासताना म्हणायची, इथं कुणाच्या डोक्याला रंग लावताना म्हणायची... एकदा मिसेस ग्रिग्ज अर्धं डोकं रंगलेलं तसंच घेऊन दारापर्यंत गेल्या.

मिसेस ग्रिग्जचंच तर निमित्त झालं. त्या एप्रिलमध्ये वारल्या, आणि मुलीचा फोन आला, 'वेल्डा, शवपेटीत ठेवण्याआधी आईचे शेवटचे केस तूच कर.' आता नाही कसं म्हणणार? तीस वर्षांचं गिऱ्हाईक. दोन वाजता दफन, दहा वाजता मी निघाले. नदीकडच्या वळणावर पुढे एक पिकअप, आणि त्याच्यापुढे रस्ता ओलांडताना रानटर्कींची पलटण. घाई म्हणून नाही, एकेक पाय मोजून टाकतायत, जशी काही रस्त्याची उद्घाटनं करायला निघाल्यात! पिकअप थांबला. मीही ब्रेक दाबला हो, दाबला! पण जरा... त्या टर्कींकडे बघत दाबला. धप्प! जोरात नाही, ओट्यावरून डबा पडावा इतकंच. त्याच्या बंपरला बोटभर पोचा, माझ्या गाडीचा एक दिवा तिरळा. आणि माझा चष्मा उडून गेला सीटखाली.

आता तुम्ही काय केलं असतं? वाकून चष्मा उचलला असता! शहाणं माणूस तेच करेल. पण माझ्या कानात टेस्टरमन ओरडले, हात दिसू द्या! मी दोन्ही पंजे स्टिअरिंगवर चिकटवले आणि बसले, आंधळ्या घुबडासारखी. समोरून कुणीतरी येतंय. खाकी शर्ट. कमरेला पट्टा, पट्ट्याला काय काय लटकतंय, लोखंडी, चालताना खणखणतंय. मी म्हटलं, वा! पोलीस आला पण! किती तत्पर! तो खिडकीशी वाकला, म्हणाला, 'बाई, लागलं नाही ना तुम्हाला?' आणि मी, डोळे मिटून, एका दमात, 'साहेब माझ्याजवळ परवान्याचं पिस्तूल आहे ते पर्समध्ये आहे मी काय करू!'

तो पोलीस नव्हता हो! तो कॉय लेडफर्ड, सव्वीस वर्षांचा नालबंद, घोड्यांना नाल ठोकणारा! एका तबेल्यातून दुसऱ्या तबेल्याकडे चाललेला, कमरेला हातोडी आणि खुरं छाटायचा चिमटा! गाडी मी ठोकली, चौकशी करायला बिचारा तो आला, आणि मी त्याला पिस्तूल सांगितलं!

त्याचे हात असे वर गेले. 'बरं बाई,' म्हणाला, 'काही हरकत नाही बाई... बंपरचं राहू दे बाई...' आणि एकेक पाऊल मागे. मी ओरडतेय, 'अरे, तसं नाही!' तर अजून भरभर मागे. त्याच्या पाठीमागे रस्त्याकडेचा चर. मला चष्म्याशिवाय दिसत नव्हता, त्याला पाठीला डोळे नव्हते. गेला! हात वर धरलेले, सावरायला उशीर झाला, उजव्या मनगटावर पडला. तो आवाज... गाडीच्या धडकेपेक्षा बारीक होता, पण अजून ऐकू येतो मला.

मी चष्मा शोधून लावला आणि बाहेर आले. पर्स घेऊन आले, कारण नियम! पिस्तूल नजरेआड करायचं नाही. पर्स कोपरात, दोन्ही हात डोक्याच्या वर, अशी मी चराच्या काठावर. 'बाळा, फार लागलं का रे?' तो खालून, 'बाई, पर्स तिथंच ठेवा!' मी, 'ठेवता येत नाही रे, नियम आहे!' तो, 'मग तुम्ही तिथंच थांबा! पाया पडतो, खाली येऊ नका!'

आणि मी थांबले.

बारा मिनिटं, तुम्हाला सांगते, बारा मिनिटं मी बुजगावण्यासारखी उभी होते. चरात घोटाभर पाणी, एप्रिलचं, बर्फासारखं. पोरगं मनगट छातीशी धरून थरथरतंय. दोन मुलगे वाढवलेत मी, ढोपरं बांधलीत, डोकी शिवून आणलीत, आणि तिथं मला एवढं सुचलं नाही की पर्स टाकावी झाडाखाली आणि अंगातला कोट काढून त्याच्या खांद्यावर घालावा! हात दिसू द्या... दिसत होते हो, दोन्ही दिसत होते! पण त्यांचा उपयोग काय?

पोलिसांना फोनसुद्धा त्यानंच केला, डाव्या हातानं. माझा फोन कुठं? पर्समध्ये! मला वरून ऐकू येतंय: 'हॅलो, एका बाईंनी मला ठोकलं... नाही, गाडीनं... हो, पिस्तूल आहे... नाही नाही, धमकी नाही... मला वाटतं बाई चांगल्या आहेत, पण नक्की सांगता येत नाही.'

पिस्तूल म्हटल्यावर एक नाही, दोन गाड्या आल्या. पहिल्यातून डेप्युटी मॅकिनी उतरला. ती रोडा येते ना माझ्याकडे केस कापायला, तिचा मुलगा! अहो, त्याचं जावळ मी काढलंय, इथं, या खुर्चीवर फळी ठेवून, रडून रडून गाव गोळा केलं होतं त्यानं. त्याचा हात बंदुकीवर. माझ्याकडे बघताना! त्यानं रस्त्यावर मला बघितलं, हात वर. चरात कॉयला बघितलं, त्याचाही चांगला हात वर. म्हणाला, 'कुणी कुणाला लुटलंय, तेवढं सांगा.'

मी म्हटलं, 'साहेब, माझ्याजवळ परवान्याचं...' आणि खालून कॉय म्हणतो, 'साहेब, माझ्याजवळही आहे, ट्रकच्या दाराच्या कप्प्यात, मी काय करू?' तेच वाक्य! तसंच्या तसं! अहो, तोही टेस्टरमनचाच विद्यार्थी निघाला! म्हणून त्याचे हात एवढे झटकन वर गेले! मॅकिनीनं टोपी काढली, डोकं खाजवलं, म्हणाला, 'दोघांचीही जिथं आहेत तिथंच असू द्या, कुणीही कशाला हात लावू नका.' माझी पर्स त्यानं आपल्या गाडीच्या टपावर ठेवली. झालं काम! इतकं सोपं होतं ते! मग तो चरात उतरला आणि त्यानं कॉयला खांदा दिला. जे मी करायचं, ते त्यानं केलं.

कागदावर काय लिहिलं माहितीये? वाहनाचं नुकसान किरकोळ. शस्त्राचा वापर नाही. दुसरा चालक तोल जाऊन पडला. म्हणजे कागदाच्या हिशोबानं माझं आणि त्या मनगटाचं काही नातंच नाही!

मिसेस ग्रिग्जकडे गेले मी तशीच. मन त्या चरातच अडकलेलं, भांग उजवीकडे पडला. आयुष्यभर डावीकडे पाडायच्या त्या. मुलीनं बघितलं ते. आणि आता काय, दुरुस्त करायचीही सोय नाही.

चार दिवसांनी कोंबडीचं कॅसरोल करून कॉयच्या घरी गेले. बायकोनं, ज्यूनीनं, दार उघडलं. माझ्या चेहऱ्याकडे नाही, कोपराकडे बघितलं. म्हणाली, 'पर्स बाहेर.' मी म्हटलं, 'अगं, आज ते घरी आहे, आत नुसता रुमाल आणि पेपरमिंट.' 'बाहेर.' उघडून दाखवावी तर पर्समध्ये हात घालावा लागतोय! ठेवली ओसरीवर, कुत्र्याशेजारी. आत बसून मी काय बोलले? हवेबद्दल बोलले. कॅसरोल किती वेळ गरम करायचं ते सांगितलं. माफी तेवढी राहिली; प्लास्टरकडे बघितलं की मी पुन्हा हवेवर यायची.

उन्हाळी शिबिराच्या एकतीस घोड्यांना मेअखेरपर्यंत नाल ठोकायचे होते त्याला. शिबिरवाले थांबतात होय? पलीकडच्या काउंटीतल्या माणसाला बोलावलं, आणि तो मग तिथलाच झाला. कॉयचं प्लास्टर निघालं, पण पकड आली नाही पहिल्यासारखी. हातोडी निसटते म्हणे. सोळाव्या वर्षापासून घोड्यांच्या पायाशी वाकलेलं पोरगं, आता जनावरांच्या खाद्याच्या दुकानात नोकरीला आहे. चिडला असता तर बरं झालं असतं हो! तो म्हणतो, 'होतं असं, वेल्डाबाई. ज्यूनीला ठरलेला पगार बरा वाटतो.' आणि बाहेर रस्त्यावरून घोडे नेणारी गाडी गेली की बोलता बोलता थांबतो. गाडी दिसेनाशी होईपर्यंत थांबतो.

पिस्तूल हॉबर्टना परत दिलं. म्हटलं, बिस्किटं नेली तर नेऊ दे.

दर गुरुवारी मी त्या दुकानात जाते. रस्त्यानं माफी पाठ करत जाते, ती पिस्तुलाची ओळ पाठ केली होती ना, तशीच. काउंटरशी उभी राहते, म्हणते, 'कॉय, त्या दिवशी...' आणि तो हसून विचारतो, 'पंचवीस पौंडांचं पोतं की पन्नास?' मनात येतं, पंचवीस म्हणावं, त्याचं मनगट... पण पंचवीस म्हटलं तर त्याला वाटेल, ही माझी कीव करते. मग मी पन्नास म्हणते. तो ते डाव्या खांद्यावर घेतो, उजवा हात नुसता खालून टेकवतो, डिकीत टाकतो, म्हणतो, 'सांभाळून जा.' आणि मी जाते, सांभाळून.

अशी चौदा पोती झाली गॅरेजमध्ये. कोंबड्यांच्या खाद्याची. आणि घरात कोंबडी एक नाही! हॉबर्टची गाडी महिनाभर बाहेर पावसात. गेल्या रविवारी बिचारे कुठूनशा सहा कोंबड्या घेऊन आले, म्हणाले, 'वेल्डा, माफी काही तुझ्याच्यानं मागून होत नाही. निदान ते खाणारं तरी कुणी असू दे.'

आता पहाटे उठून त्यांना दाणे टाकते. अंडी मात्र भरपूर देतात. जाताना डझनभर घेऊन जा... दुसरं काय करणार?