नवव्या धड्यापर्यंत थांबा

— बसते हो बाई, बसते, पण बसले म्हणून उत्तर देईन असं समजू नका. फ्रेंच ठेवायचं की स्पॅनिश, एवढंच ना? तुम्ही मघापासून तेच विचारताय आणि मी मघापासून तेच सांगतेय, दोन्ही. माझ्या नातीच्या दोन्ही भाषा राहू द्या. — हो, माहितीये, पुढच्या सहामाहीपासून एका मुलाला एकच परकी भाषा, चिठ्ठी वाचली मी. का, तर म्हणे मुलांवर ताण येतो. कुणाच्या मुलांवर? आमच्या मिठूवर? अहो, ती पाळण्यात असल्यापासून तोंड मिटत नाही तिचं, म्हणून तर मिठू नाव पडलं. दोन भाषांनी तिला काय होणारे? तुम्ही तर दोन्ही शिकवता, तुम्हाला काही झालंय का? — आणि तो डावीकडचा पडदा कुणी शिवलाय? चार बोटं खाली आलाय. मी जन्मभर पडदेच शिवले, त्यामुळे मला असं काही दिसलं की दुसरं काही सुचत नाही. — बरं, राहिलं. पडद्याचं नंतर बघू.

मुलगा आणि सून का नाही आले? कारण ते आले असते तर 'कुठलीही ठेवा' म्हणून मोकळे झाले असते. त्यांना काय, ते दिवे लागल्यावर घरी येतात. रोज जेवताना तिच्याशी बोलायला कोण असतं? मी आणि आमचे हे. आणि बाई, खरं सांगायचं तर हे सगळं तुम्हीच सुरू केलंत. 'रोज जेवताना पाव तास घरच्या माणसांशी परक्या भाषेत बोला' — कुणाचा नियम? तुमचाच ना? मग पोरगी पुस्तक घेऊन आली, म्हणाली आजी, मला कुणीतरी लागतं. मी म्हटलं, आण, मी घेते स्पॅनिश. मी स्पॅनिश म्हणायचा अवकाश, हे तिकडून तिच्या दप्तरातलं फ्रेंचचं पुस्तक काढून बसले. मी जे घेईन ते सोडून दुसरं घ्यायचं, हा त्यांचा स्वभावच आहे. मी खिडकीजवळची खुर्ची घेतली की हे दारापाशी.

— नाही, एकमेकांशी कसं बोलणार? आमचा अबोला आहे. — अहो, तसं काही नाही, तुम्ही एकदम असा चेहरा करू नका. संसार छान चाललाय. वेळेवर जेवतात, वेळेवर झोपतात, मी त्यांच्या शर्टाची बटणं लावते, ते माझी मशीन तेल घालून ठेवतात. फक्त बोलत नाही. आधी मुलाला सांगायचो, 'बाबांना सांग पंखा बंद करा', 'आईला म्हणावं मी केव्हाच केलाय'. तो एक दिवस ताटावरून उठला, म्हणाला मी काय पोस्टमन आहे? मग काही दिवस घर अगदी चिडीचूप. आणि मग ही तुमची पाव तासाची भानगड आली. आता मी मिठूला स्पॅनिशमध्ये सांगते, मिठू त्यांना फ्रेंचमध्ये सांगते, ते फ्रेंचमध्ये उत्तर देतात, मिठू ते मला स्पॅनिशमध्ये आणून देते. — हो, मराठी येतं की दोघांनाही. चांगलं येतं. पण अबोला मराठीत आहे ना, बाई. स्पॅनिशमध्ये आमचं कधी भांडणच झालेलं नाही.

आता अडचण काय, तर पुस्तकात जेवढं आहे तेवढंच बोलता येतं. पहिले काही महिने तर आम्ही फक्त रंग आणि नातेवाईक यांच्यावर काढले. माझा भाऊ उंच आहे. तुमची बहीण उंच नाही. माझ्या बहिणीचं नाव काढल्यावर मी दोन दिवस गप्प होते, म्हणजे स्पॅनिशमध्येसुद्धा. मग हॉटेलचा धडा आला. मला म्हणायचंय कापडावर पाय देऊ नका, आणि माझ्याकडे वाक्य काय, तर 'मला समुद्राकडे तोंड असलेली खोली हवी'. तेच म्हटलं, जरा दरडावून. मिठूनं तसंच दरडावून तिकडे पोचवलं. त्यांनी पाय काढला. कळतं हो माणसाला. आता आमच्याकडे 'संग्रहालय सोमवारी बंद असतं' म्हणजे आज माझ्या वाटेला जाऊ नका, आणि 'स्टेशन डावीकडे आहे' म्हणजे टॉवेल दोरीवर आहे. घरात आम्ही टोमॅटो फार खायला लागलोय, कारण टोमॅटो मागता येतो. दोडका पुस्तकात नाहीच. मध्यंतरी हे एक निळी छत्री घेऊन आले. घरात छत्र्या आहेत, पण काळ्या आहेत, आणि धड्यातली निळी आहे. मी कपाळावर हात मारला. पण मग रोज संध्याकाळी 'निळी छत्री कुठे आहे', 'निळी छत्री दाराच्या मागे आहे' असं बोलणं होतं. चार वाक्यं जास्त होतात. वाईट काय आहे त्यात?

— हसा, हसा. मिठू पण हसते. तिनं मला सांगितलं, आजी, घरच्या माणसाला 'तू' म्हणायचं असतं, तू आजोबांना 'उस्तेद' काय म्हणतेस? मी म्हटलं, नवऱ्याला अरे-तुरे करू? कुठल्याही देशाची भाषा असो, मी अहो-जाहोच करणार. आणि गंमत म्हणजे हेही मला फ्रेंचमध्ये 'व्हू' म्हणतात. लग्न झाल्यापासून मला अगं-तूच म्हणत आले, आणि आता या वयात अहो-जाहो. पहिल्या दिवशी मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. नंतर नाही वाटलं. नंतर असं वाटायला लागलं की परक्या कुणा बाईशी बोलतायत.

तुमचे मुख्याध्यापक, ते पाद्री, शाळेचं वर्ष सुरू झालं तेव्हा पालकांपुढे बोलले होते ना, मी पुढच्याच रांगेत होते. ज्या ल्यूथरच्या नावानं ही शाळा आहे त्यांनी म्हणे बायबल लोकांच्या घरातल्या बोलीत आणलं, कारण माणसाला आपल्या भाषेत बोलल्याशिवाय मनातलं बोलता येत नाही, देवाशीसुद्धा. मला फार पटलं. मी मान डोलावली. आणि लगेच म्हणाले, आता फ्रेंच आणि स्पॅनिशचे वर्ग तिसऱ्या मजल्यावर भरतील. आणि लिफ्ट नाही. बाई, या वयात तिसरा मजला. मी येताना दोनदा थांबले, आणि माझं तर हृदय ठणठणीत आहे.

— माझं, म्हटलं. त्यांचं नाही. — अबोला कशावरून? सांगण्यासारखं नाही ते. म्हणजे आहे, पण तुम्ही मिठूच्या बाई, तुम्हाला काय करायचंय? — आमचे हे लिफ्ट दुरुस्त करायचे. गावातल्या निम्म्या लिफ्ट त्यांच्या हाताखालून गेल्यात. तर दोन वर्षांपूर्वी मला म्हणाले, बाहेरगावी मोठं काम निघालंय, तीन-चार दिवस लागतील. पेटी घेतली — पाने, पक्कड, सगळं भरलेली, उचलता उचलत नाही अशी — आणि गेले. मी डबा दिला बरोबर. आणि मग मला इस्पितळातून फोन, की तुमचे पेशंट घरी गेले, पण त्यांची लोखंडी पेटी पलंगाखाली राहिलीय, परिचारिकेच्या पायाला लागतेय, तेवढी घेऊन जा. कसले पेशंट? तर छातीत ती जाळीची नळी, स्टेंट की काय म्हणतात ती, बसवायला गेले होते. मला खोटं सांगितलेलं खरं वाटावं म्हणून, बाई, ती पेटी इस्पितळापर्यंत वाहून नेली. छातीत दुखणाऱ्या माणसानं. मुलाला माहीत होतं. सुनेला माहीत होतं. मला नाही, का तर म्हणे मी घाबरते. मी घाबरते का? मी तेव्हा घाबरले नाही. मी म्हटलं, मला सांगण्यासारखी मी कुणी नसेन, तर माझ्याशी बोलूच नका. ते म्हणाले, 'बरं'. आणि खरंच बोलले नाहीत. एरवी माझं एक ऐकत नाहीत.

— तुम्ही घड्याळाकडे बघू नका, मी मुद्द्यावरच येतेय. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण हे कधी लिफ्टनं जात नाहीत. म्हणतात, मी आतून बघितलीय, मला विचारा. जन्मभर जिन्यानं. भाजीच्या पिशव्या घेऊन जिन्यानं, मिठूला खांद्यावर घेऊन जिन्यानं. आणि गेले काही दिवस मी स्वयंपाकघरात असले की लिफ्टचं दार वाजतं आणि मागून हे येतात. मला वाटलं चुकून. पण रोज. परवा वरून बघितलं, खाली उतरायलाही लिफ्टच. उतरायला, बाई. आता हे कुणाला विचारू? मुलाला विचारलं तर 'काही नाही आई'. दोन वर्षांपूर्वीही 'काही नाही आई'च होतं. मग मी रोज जेवताना विचारते, 'कोमो एस्ता उस्तेद?' तुम्ही कसे आहात? मिठू तिकडे फ्रेंचमध्ये विचारते. आणि रोज तिकडून येतं, 'त्रे ब्यँ, मेर्सी. ए व्हू?' फार छान, आभारी आहे, आणि आपण? कारण पुस्तकात दुसरं उत्तरच नाही. तुमच्या पुस्तकात सगळे छान असतात. कुणाला साधी सर्दी नाही. हे खरंच छान आहेत की पुस्तकातले छान आहेत, हे मला कसं कळणार?

म्हणून मी पुस्तकाचं शेवटचं पान उघडून धड्यांची नावं मिठूकडून लावून घेतली. सहावा बाजारात, सातवा टपालकचेरीत, आठवा समुद्रकिनारी. आणि नववा — डॉक्टरकडे. दोन्ही पुस्तकांत नववाच. त्यात आहे सगळं, चित्रं आहेत, एक गृहस्थ छातीला हात लावून बसलेत. कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, रात्री झोप लागते का, घरी कुणाला सांगितलंय का — नाही, ते शेवटचं नाहीये बहुतेक, ते मी आपलं म्हटलं. नववा धडा पुढच्या सहामाहीत आहे. आणि पुढच्या सहामाहीत तुम्ही माझी एक भाषा काढून घेणार. स्पॅनिश गेलं तर मी विचारणार कशी? फ्रेंच गेलं तर ते सांगणार कसे? तेवढ्यासाठी आलेय मी. दोन्ही राहू द्या, नवव्या धड्यापर्यंत तरी. नंतर घाला कुठलीही चुलीत. किंवा असं करा ना, नववा आधी घ्या. बाजारात काय घाई आहे? टोमॅटो आम्हाला येतात.

— सरळ मराठीत? तुम्ही पण तसंच म्हणता, सून पण तसंच म्हणते. बाई, मी म्हटलंय बोलू नका. मीच कशी बोलू? आणि बोलले, आणि ते म्हणाले 'काही नाही', तर? फ्रेंचमध्ये खोटं बोलले तर मला म्हणता येतं की बिचाऱ्यांकडे दुसरं वाक्य नव्हतं. मराठीत सगळी वाक्यं आहेत त्यांच्याकडे. — घाबरते मी, हो. झालं?

— कोण? कुठे? — अगं बाई, ती निळी छत्री आमचीच. यांना कुणी सांगितलं आज इथे यायचंय? मी नाही सांगितलं, कशी सांगणार, मिठू तर सकाळपासून खाली प्रार्थनेच्या हॉलमध्ये गाण्याच्या तालमीला आहे. म्हणजे यांनीही चिठ्ठी वाचलीय. म्हणजे हेही दोन्ही राहू द्या म्हणूनच — थांबा, बोलावू नका. हाक मारू नका म्हणते ना. काचेतून बघा. जिन्याच्या वळणावर उभे राहिलेत आणि भिंतीवरचे जुन्या मुख्याध्यापकांचे फोटो बघतायत. एकेक फोटो. खालची नावं वाचतायत. यांना कधीपासून पाद्र्यांची एवढी आवड लागली? दम खातायत, बाई. आपल्याला दिसू नये म्हणून फोटो बघत दम खातायत. कठड्याला हात बघा किती घट्ट आहे.

— आले. आता तुम्हीच बोला. मिठू नाही, तर तुम्ही. दोन्ही येतात ना तुम्हाला? मी स्पॅनिशमध्ये विचारते, तुम्ही फ्रेंचमध्ये सांगा. कोमो एस्ता उस्तेद? — विचारा ना. — हां. आता बघा, त्रे ब्यँ म्हणतील. अगदी शपथेवर, आत्ता म्हणतील बघा, त्रे —

— नाही, तुम्ही नका सांगू. ऐकलं मी. 'जिने फार आहेत गं', असं म्हणाले. तुमच्याकडे बघून नाही म्हणाले.

— बाई, ती खुर्ची सरकवा इकडे. मुलांची नको, तुमची द्या, हाताची. आणि तो पाण्याचा तांब्या. आणि तुम्ही जरा बाहेर बसा. — हो, वर्ग तुमचाच आहे, माहितीये मला. फ्रेंच ठेवा, स्पॅनिश ठेवा, काय वाटेल ते ठेवा, मिठूला विचारा. दार ओढून घ्या जाताना. — अहो, बसा. छत्री द्या इकडे. आता सांगा. आणि पेटीपासून सांगा.