बैठकीच्या आधीची बैठक

...नाही, पण मला एक सांगा, दारात आलेल्या पाहुण्याशी भांडायचं असतं का हो? तेही चहाचा कप हातात देऊन? आपल्यात आहे का अशी पद्धत? नाही ना? मग आमच्या हेमचंद्रचं चुकलं कुठे, ते तरी सांगा! कोथरूडच्या सोसायटीत वाढलेला माणूस. तिथे जिन्याला रंग कुठला द्यायचा यावरून सभेत एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो, आणि सभा सुटली की तीच मंडळी एकमेकांकडे कांदेपोहे खातात. पाहुणचार घरी, भांडण सभेत! त्यामुळे काही निघालं की याचं ठरलेलं, "सभेत बोलू की!"

तर तुम्हाला सांगतो, हा राहतो तोक्योत, निशी-कसाईला. वसाहतीत भारतीय इतके की लिफ्टमध्ये फोडणीचा वास. पण रहिवासी समितीवर? एक नाही! सगळे जपानी आजोबा. मग कुणाच्या तरी मनात आलं, परदेशी रहिवाशांतूनही सदस्य तयार करावेत. तयार म्हणजे रीतसर, प्रशिक्षण देऊन, प्रत्येकामागे एक गुरू लावून! हेमचंद्रच्या वाट्याला आले इनोउए-सान. ऐंशीच्या घरातले, ताठ, आणि बोलणं इतकं हळू की ऐकायला आपणच वाकावं.

आता हा कशाला पडला त्यात? मिरवायला? छे! त्याची बायको केतकी रविवारी दुपारी वसाहतीच्या हॉलमध्ये पोरांना मराठी शिकवते. का शिकवते? तर त्यांची ईश्वरी, सात वर्षांची, पुण्याच्या आजीशी फोनवर जपानीत बोलायची. जयमालाबाई तिकडून आपल्या "हो का गं, हो का..." म्हणायच्या आणि फोन ठेवला की डोळे पुसायच्या. एकुलती एक नात, आणि तिचं एक अक्षरही कळेना! म्हणून वर्ग सुरू झाला. झाला, तशी कुजबुज सुरू... पोरांचा आवाज फार होतो म्हणे. हॉल कुणाला द्यायचा ते समितीच्या हातात. म्हणून हा समितीत. एवढंच!

आणि शिकला हो मनापासून! कचरा कुठल्या वारी कुठला, किती वाकायचं, घरोघर फिरणारी सूचनांची पाटी वाचून शेजारच्या दारी कशी पोचवायची... सगळं! एकदा इनोउए-सान म्हणाले, "हेमचंद्र-सान, बैठकीच्या आधी बैठक झालेली असते." याला काय वाटावं? झेन! अहो, खरंच! डोळे मिटून दोन मिनिटं बसला, आणि व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवलं. आम्ही सगळ्यांनी हात जोडले!

आणि झाला की सदस्य. पहिल्या बैठकीच्या आदल्या आठवड्यात बेल वाजली. दारात समितीचे अध्यक्ष, ओगावा-सान, हातात तांदळाच्या बिस्किटांचा डबा. याला कोण आनंद! अध्यक्ष स्वतः घरी! चहा, चकल्या, बेसनाचे लाडू...

ओगावा-सान म्हणतात, "रविवारी हॉलमधून मुलांचा उत्साह फार ऐकू येतो."

हा म्हणतो, "हो ना! लाडू घ्या."

"वरच्या मजल्यावरच्या वृद्धांना दुपारी जरा... झोप..."

"खरंय, खरंय! वय झालं की झोप कमीच."

स्वयंपाकघरातून केतकी डोळे मोठे करतेय, हातवारे करतेय. हा चहा आणायच्या निमित्तानं आत गेला, तशी ती कुजबुजली, "अहो, तो वर्गाबद्दल बोलतोय! काहीतरी सांगा त्याला!"

"कळतंय गं मला! पण घरी आलेल्या माणसाशी वाद घालू? सभेत बोलू की!"

आणि हा बाहेर आला, तशी ओगावा-साननी अगदी हळू विचारलं, "तर मग... आपलं काय मत?" तर हा काय म्हणाला असेल? आपल्यापैकी कुणीही जे म्हणेल तेच! "तुम्ही म्हणाल तसं! चकली घ्या ना अजून एक."

म्हातारा कमरेत वाकून वाकून आभार मानत गेला. का नाही जाणार?

मग हा बसला तयारीला. लॅपटॉपवर चित्रं, मुलांचे फोटो, आवाज कमी करायला जाड पडदे, वेळ बदलायची तयारी... सगळं चोख! बैठकीत कागद वाचला गेला, पुढच्या महिन्यापासून रविवारी दुपारी हॉल बंद, सर्वांची संमती आहेच. माना हलल्या. पुढचा विषय, सायकली! यानं हात वर केला. ओगावा-सान पांढरेफटक पडले. "पण हेमचंद्र-सान... मी आपल्या घरी आलो होतो. आपण म्हणालात..."

म्हणालाच होता की! खरी बैठक त्याच्याच घरी होऊन गेली होती! भांडायला अख्खं घर होतं, चहा होता, वेळ होता... आणि यानं लाडू वाढले. खाली बसला. लॅपटॉप उघडलासुद्धा नाही.

परतताना इनोउए-सान वाटेत थांबले. "चूक माझी. मी नीट शिकवलं नाही," असं म्हणून भर रस्त्यात वाकले ते वाकलेच. ऐंशीचा माणूस हो! हेमचंद्रला रागावताही येईना. रागवायला तरी कुणीतरी वाईट लागतं ना! तिथेच रडला तो. इतका शिकलेला माणूस, रस्त्यात, पोरासारखा.

आणि वर काय? सूचना लावायचं काम नव्या सदस्याचं! जपानीत एक, आणि वर्गाच्या पालकांना कळावं म्हणून खाली मराठीत. यानंच लिहिली, सुवाच्य अक्षरात. शेवटचा वर्ग सुटल्यावर तिघं मिळून हॉलच्या दाराला चिकटवायला गेले. ईश्वरी पुढे झाली. जपानीकडे पाहिलंसुद्धा नाही पोरीनं. बोट ठेवून खालचं वाचायला लागली, "र... वि... वा... र... चा... म... रा... ठी..." पुढचा रफारही ओळखला! "वर्ग... बं... द... बंद!" आणि वळून, नाचत, चक्क मराठीत, "आई, बाबा, मी सगळं वाचलं!"

काय करणार सांगा! टाळ्या वाजवल्या दोघांनी. हळू... वरचे आजोबा झोपले होते ना.