दारवाल्या बाईंचा चौदावा धडा

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील संस्थेचे पदाधिकारी, सोमवारपासून आमचा जर्मन संभाषणाचा वर्ग हाती घेणाऱ्या नव्या शिक्षिका, समोर बसलेले आजी-माजी विद्यार्थी, आणि सव्वीस वर्षांनी आज खुर्चीत निवांत बसलेल्या आमच्या बाई,

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. शाळेत आम्हाला वेळ पाळायची सवय लावली होती, तेव्हा प्रयत्न करते.

बाईंना आम्ही सगळे ‘दारवाल्या बाई’ म्हणतो हे त्यांना ठाऊक आहे. नव्या बाईंसाठी सांगते. वर्ग सुरू व्हायच्या वेळी बाई दार अर्धवट उघडून उंबऱ्यात उभ्या राहत. एके दिवशी त्या पाववाल्या, दुसऱ्या दिवशी स्टेशनावरच्या तिकीटवाल्या, कधी घरमालकीण. बाहेर आमची रांग. ज्याने त्याने त्या दिवसाचा व्यवहार जर्मनमधून पुरा करायचा, मगच आत. आमच्यात एक घड्याळवाले काका होते, नातवाकडे जायचं म्हणून शिकणारे. पावाच्या धड्याला ते पाचव्यांदा अडले आणि म्हणाले, “बाई, घ्या हो आत, पाय दुखतायत.”

“पाय दुखतायत हेच जर्मनमध्ये सांगा,” बाई म्हणाल्या, “लगेच घेते.”

काका म्हणाले, “त्यापेक्षा उभा राहतो.”

हसलात, बरं वाटलं. पुढे हसण्यासारखं फार नाही.

मी या वर्गात आले ती माझ्या मुलीमुळे. एकुलती एक. तिकडे यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला. फोनवर म्हणाली, “आई, सहा महिने राहायला ये. पण मी कामावर गेले की घरात कोंडून बसायचं नाही. सकाळचा पाव तू आणायचास.” म्हणून साठीच्या उंबरठ्यावर मी वही-पेन घेऊन रांगेत उभी राहिले. पाव मला छान जमायचा. दुकानदार विचारणार, आणखी काही हवं का? आपण हसून म्हणायचं, ‘डांकं, दास इस्ट आलेस.’ म्हणजे, धन्यवाद, एवढंच. बाई म्हणायच्या, उच्चार ऐकावा तर यांचा.

चौदावा धडा रुग्णालयाचा होता. पहिलंच वाक्य, ‘माझी मुलगी आजारी आहे.’ मी दारातच बाईंना म्हटलं, “हा धडा मला नको.”

“अहो, वाक्य आहे नुसतं.”

“तुमच्यासाठी वाक्य. माझी मुलगी खरोखर आहे तिकडे. सरावालासुद्धा मी हे तोंडातून काढणार नाही.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, “या, आत या.” जर्मन न बोलता त्या दारातून आत गेलेली मी पहिलीच. पुस्तकाची ती पानं मी पिन मारून बंद केली. खरं सांगते, त्या दिवशी जिंकल्यासारखं वाटलं होतं.

पुढच्याच वर्षी मी गेले, पण पाव आणायला नव्हे. मुलीच्या रक्तात दोष निघाला होता. अकरा दिवस मी तिच्या खाटेशेजारी बसले. डॉक्टर सकाळी येत, ते इंग्रजी बोलत. दुपारी एक वयस्क परिचारिका असे. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण हात फार मायेचे. अकराव्या दिवशी दुपारी मुलगी औषधाच्या गुंगीत होती. तिचे पाय गार लागत होते, म्हणून मी लोकरी मोजे आणायला निघाले. दारात त्या परिचारिकेने माझा हात धरला आणि हळूहळू दोन वाक्यं बोलली. मला एक शब्द कळला नाही. आता, समजलं नाही तर समजलं नाही म्हणावं की नाही? पण कॉन्व्हेंटमध्ये आमच्या हाडीमासी भिनवलं होतं, समोरचं माणूस आपुलकीने बोलतंय तर हसावं, आभार मानावेत. मी हसले. म्हटलं, ‘डांकं, दास इस्ट आलेस.’ तिने हात सोडला.

मोजे चांगले मिळाले. सव्वा तासाने परतले, तेव्हा खाटेभोवती पडदा ओढलेला होता.

ती दोन वाक्यं मात्र कानात तशीच राहिली होती. मुलीचं शेवटचं सगळं उरकून इथे परतल्यावर बाईंना ती म्हणून दाखवली आणि अर्थ विचारला. बाईंनी ती पुन्हा एकदा म्हणायला लावली. मग म्हणाल्या, “‘थांबा,’ म्हणाली ती. ‘आता लांब जाऊ नका.’” पिना काढून बघितलं. चौदाव्या धड्यात, दुसऱ्या पानावर, ‘ब्लायबेन झी बिटं’, कृपया थांबा, असं छापलेलं होतं.

त्यानंतर बाई दारात उभ्या राहायच्या बंद झाल्या. दार सताड उघडं, त्या टेबलाशी मान खाली घालून. मुलं मुकाट्याने आत येत. घड्याळवाल्या काकांनी मला गाठून सांगितलं, “ताई, बाईंनी धसका घेतलाय. वर्ग सोडायचं म्हणतायत.” मी गेले. दार बाहेरून ओढून घेतलं आणि टकटक केलं. बाईंनी उघडलं. मी म्हटलं, जर्मनमधून, “माझी मुलगी आजारी आहे.” बाईंच्या डोळ्यांना धार लागली होती, पण त्या परिचारिका झाल्या. म्हणाल्या, “ब्लायबेन झी बिटं.” आणि मी थांबले. वर्ग सुटेपर्यंत. ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. दुसऱ्या दिवसापासून बाई पुन्हा उंबऱ्यात.

बाई, चूक माझी होती. तुम्ही फक्त दया केलीत. पण नव्या बाईंना माझं हात जोडून सांगणं आहे, चौदाव्या धड्याला दार अडवून धरा. कुणी रडलं, रागावलं, तरी आत घेऊ नका.

पाच मिनिटं केव्हाच उलटली. अध्यक्षांनी घंटी वाजवली नाही, त्याबद्दल त्यांची ऋणी आहे. आनंदाच्या समारंभात जड बोलले, अधिक-उणं झालं असेल, ते पोटात घाला. तुम्ही सर्वांनी ऐकून घेतलंत, धन्यवाद. चहाची वेळ झाली आहे, मंडळी उठतील. बाई, तुम्ही हॉलला कुलूप लावून निघेपर्यंत मी इथेच आहे.