पिराजीच्या भिंतीवरची तांबडी खूण

(मुलांनो, जरा डोळे मिटा आणि कोल्हापूर बघा, सन एकोणीसशे बावन्नचं. वैशाखातली शनिवारची सकाळ. कचेरीत नकाशे काढणारे यज्ञेश्वरपंत घरच्या सोप्यात गावाचा भलामोठा नकाशा पसरून बसलेत. त्यांच्या दहा वर्षांच्या प्रमोदिनीनं नकाशाच्या कोपऱ्यांवर तांब्या-पेले ठेवलेत. पायरीवर पिराजी गवळी बसलाय, दुधाची चरवी बाजूला ठेवून. आता नुसतं ऐका.)

पिराजी : म्हंजे तांबडी खूण न्हाय, तर सुटलोच की मी.

यज्ञेश्वर : अरे, नीट ऐकून तर घे. आजवर काय व्हायचं? कौलं बदलायची असोत, नाहीतर देवळाला खेटून माडी चढवायची असो, अर्ज एकाच वाटेनं जायचा. सहा टेबलं, सहा सह्या. का, तर चुकून गावातलं जुनं काही मोडायला नको.

पिराजी : माझा अर्ज अकरा म्हैनं झालं त्या टेबलांवर झोपलाय. गोठ्याची भिंत पोट काढून हुबी हाय, आणि तिच्याच बुडाला माझी म्हातारी आई निजती. गाभण म्हशीपास्नं हलंल तर शपथ.

यज्ञेश्वर : म्हणून तर हा नकाशा. देवळं, वेशी, तळी, जुने हौद यांच्यावर तांबडी खूण. खुणेच्या जागेची तपासणी सावकाश, बारकाईनं. बाकीच्यांना आठ दिवसांत परवानगी. साहेबांनी परवा, सोमवारी मागितलाय.

पिराजी : आणि माझ्या गोठ्यावर?

यज्ञेश्वर : हे बघ. कोरा.

पिराजी : लई उपकार झालं. म्हस व्याली की पयला खरवस तुमच्याकडं.

यज्ञेश्वर : लाच देतोस होय रे?

पिराजी : खरवसाला लाच म्हन्त्यात व्हय? मग सगळी गल्लीच तुरुंगात जाईल.

यज्ञेश्वर : पमे, तू का गप्प? मघापासून तर तोंड मिटत नव्हतं.

प्रमोदिनी : नाना, नकाशात भिंतीच्या आतलं दिसतं का?

पिराजी : पमाक्का, दूध घरात न्हे जा. नासंल.

प्रमोदिनी : आताच तर काढलंय, मामा.

यज्ञेश्वर : भिंतीच्या आतलं म्हणजे काय गं?

प्रमोदिनी : काही नाही. मी सांगणार नाही म्हणून कबूल केलंय.

यज्ञेश्वर : कुणाला?

प्रमोदिनी : तेही सांगायचं नाहीय.

यज्ञेश्वर : मग रडतेस का?

पिराजी : ऱ्हाऊ द्या, पंत. पोरीला पेचात टाकू नगा. मीच सांगतो. त्या भिंतीत एक कोरीव धोंडा हाय. माझ्या आज्ज्याच्या आदीपास्नं. मी त्याला शेणानं लिपून टाकतो, आणि म्हातारी सकाळी उठून त्याचं तोंड तेवढं मोकळं करती, हळद लावती. दूध न्यायला आलती तवा पमाक्काला दिसला.

यज्ञेश्वर : भिंत पाडल्यावर त्याचं काय करणार होतास?

पिराजी : फोडून नव्या भिंतीच्या पायात घालणार हुतो.

यज्ञेश्वर : पिराजी...

पिराजी : असं बघू नगा माझ्याकडं. आमच्या मागच्या गल्लीतल्या जोतीरामनं खरं सांगितलं, त्याचं काय झालं? पाया खणताना मूर्त गावली, गडी इमानानं कचेरीत सांगाय गेला. तीन वर्सं पाया उघडा हाय. बायकापोरं घिऊन उचगावला दुसऱ्याच्या खोलीत ऱ्हातोय. माझी म्हातारी तीन वर्सं निघंल का, सांगा.

यज्ञेश्वर : जोतीरामचा कागद माझ्याही टेबलावरून गेला. मी सही केली आणि पुढं ढकलला. जागेवर जाऊन बघितलं नाही.

पिराजी : कुणीच न्हाय बघितलं.

यज्ञेश्वर : पमे, डोळे पूस आणि माझ्या चपला दे. पिराजी, ऊठ. तुझ्या गोठ्यात जायचंय.

पिराजी : या की. पर ती तांबडी पेन्सिल घरात ठिवा.

यज्ञेश्वर : पमे, पेन्सिल घे.

प्रमोदिनी : मामा, रागावलात?

पिराजी : तुझ्यावर न्हाय, बाई. सांबाळून, हितं शेण हाय. पंत, डोकं वाकवा. ही बघा भिंत.

यज्ञेश्वर : चिमणाबाई, बसा, उठू नका. अरे, ही तर हातभर पुढं आलीय. हिच्याखाली निजतात त्या?

पिराजी : मी काय अकरा म्हैनं गंमत सांगतोय व्हय?

यज्ञेश्वर : पमे, बादलीतलं पाणी ओत त्या लिंपणावर. हळूहळू. आता हातानं चोळ.

प्रमोदिनी : नाना, माणूस आहे. हातात तलवार आहे. आणि खाली म्हशी.

यज्ञेश्वर : गाई असतील.

पिराजी : शिंगं बघा की, पंत. म्हशीच हाईत. ह्यात तुमचं चालायचं न्हाय.

यज्ञेश्वर : बरं, म्हशी. याला वीरगळ म्हणतात. पूर्वी कुणी गावाची जनावरं पळवून नेली, की गावातला एखादा गडी त्यांच्या मागं जायचा. कधी जनावरं परत यायची आणि तो यायचा नाही. मग गाव त्याच्या नावानं असा दगड उभा करायचं.

पिराजी : म्हंजे ह्यो जनावरांपायी मेला.

यज्ञेश्वर : हो.

पिराजी : आणि मी गवळी असून ह्याला फोडाय निघालतो. म्हातारे, तुला ठावं हुतं व्हय हे? काय म्हन्ती ती? दात न्हाईत, काय कळत न्हाय.

प्रमोदिनी : मला कळतं. त्या म्हणतात, नाव माहीत नाही, पण घरातलं थोरलं माणूस आहे.

यज्ञेश्वर : पमे, पेन्सिल दे. पिराजी, इकडं बघ. खूण या दगडावर करतोय, तुझ्या घरावर नाही. आधी दगड अलगद बाहेर काढायचा, माझ्यासमोर. मग भिंत पाडायची. नवी झाली की त्याच जागी, त्याच तोंडानं बसवायचा. असं लिहून मी सोमवारी स्वतः अर्ज घेऊन जातो.

पिराजी : तांबड्या खुणेचा अर्ज. म्हंजे सावकाश.

यज्ञेश्वर : सावकाश म्हणजे बारकाईनं, झोपून नाही. साहेबांना हेच सांगणार आहे. खूण असेल तिथं आठ दिवसांच्या आत जागेवर जायचं, मगच सही करायची. पहिल्यांदा जोतीरामकडं.

पिराजी : आणि साहेबांनी न्हाय ऐकलं तर?

यज्ञेश्वर : मंगळवारी पुन्हा जाईन. तोवर आजपासून चिमणाबाई आमच्या सोप्यात निजतील.

पिराजी : म्हस सोडून यायची न्हाय ती.

यज्ञेश्वर : म्हशीला आमच्या मागच्या परड्यात बांध. तिचा काही अर्ज नको.

पिराजी : ऐकलंस का, म्हातारे? पंतांच्या घरी पावणी चाललीस. दोघीबी.

यज्ञेश्वर : खरं सांगू, पिराजी? महिनाभर मी कचेरीतले जुने कागद चाळून नकाशावर खुणा केल्या. हा दगड एकाही कागदात नाही.

प्रमोदिनी : चिमणाबाईंना मात्र रोज सकाळी माहीत होता.

यज्ञेश्वर : हं. असे आणखी किती असतील, कोण जाणे. सोमवारपर्यंत विचारणार तरी कुणाला?

पिराजी : पंत, तुमची लेक बघा. पेन्सिल घिऊन शेजारच्या दारात गेली.

प्रमोदिनी : आक्का, घरातले देव सोडून तुम्ही हळद आणखी कुठं कुठं लावता?