कचऱ्यातल्या काड्या

(धाकट्या जावेचं स्वयंपाकघर. थोरली जाऊ नुकतीच आली आहे.)

धाकटी : चपला राहू द्या ताई, आधी खिडकीशी या. सकाळपासून माझा पाय जमिनीवर ठरत नाहीये.

थोरली : अगं, दोन जिने चढून आलेय. फोनवर सांगता येत नव्हतं?

धाकटी : मग तुम्ही आलाच नसता. घर वेगळं केल्यापासून आज पहिल्यांदा येताय. ही बाटली बघा. थांबा, मोजा काढते.

थोरली : बाटलीला मोजा?

धाकटी : मुळांना उजेड सोसत नाही म्हणे. ह्यांचा आहे, जोडीतला दुसरा हरवलाय. आता बघा, कडेला पांढरं दिसतंय?

थोरली : चष्मा दे. पिशवीत आहे.

धाकटी : काल एकच होतं, आज तीन मुळं!

थोरली : ही द्राक्षाची काडी आहे.

धाकटी : तुमच्याच वेलाची.

थोरली : सासूबाईंचा वेल होता तो. वाळवीनं पार खाल्ला. गेल्याच महिन्यात उपटून टाकला मी.

धाकटी : म्हणून तर जीव मुठीत धरून बसले होते. रागावू नका हं. कुणाला काडी देणार नाही म्हणाला होतात तुम्ही, सगळ्यांदेखत. छाटणीनंतर फाटकाबाहेर कचऱ्यात जुडी दिसली, ती गुपचूप उचलली. सहा काड्या. ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्या, मग लावल्या. पाच गेल्या.

थोरली : गेल्या कशा?

धाकटी : पानं फुटली, मी हुरळले. मुळं बघायला रोज उपटायचे. शेवटची मात्र ह्या बाटलीत लावली, म्हणजे बाहेरूनच दिसेल.

थोरली : वेडी आहेस. पानं काडीतल्या साठ्यावरही फुटतात. मुळं आली की खरं.

धाकटी : आलीत ना पण!

थोरली : आलीत गं. छान आलीत. उलटी नाही लावलीस हेच नशीब. कचऱ्यातल्या काडीचं वर-खाली कळलं कसं तुला?

धाकटी : तेच विचारायचं होतं. लावायच्या काडीला खाली सरळ काप देतात आणि वर तिरका, असं वाचलं मी. सहाही काड्यांना तसाच होता. फेकायच्या काड्या कुणी इतक्या बघून कापतं का, ताई?

थोरली : मोजा चढव आधी. उजेड लागतोय.

धाकटी : ताई.

थोरली : तीन दिवस पडली होती जुडी. तू येता-जाता बघायचीस आणि पुढं निघून जायचीस. रोज संध्याकाळी त्या कचऱ्यावर पाणी शिंपडत होते मी.