तिसरा प्रश्न

नीलम : तुला मी सायकल स्टँडपाशीच सांगितलं होतं, शलाका. त्या तासाचे प्रश्न वर्गात राहत नाहीत, दप्तरात बसून घरी येतात.

शलाका : हो, आणि मी हसले होते. म्हटलं, आमच्या घरी काय आहे विचारण्यासारखं! हसले होते गं मी.

नीलम : चहा घे आधी. फॉर्मवर खूण तूच केली होतीस नं?

शलाका : मीच. मधूच्या शाळेचं पत्रक आलं होतं ना, आठवड्यातून पाऊण तास कुठला वर्ग हवा? ख्रिश्चन, इस्लाम, हिंदू, बौद्ध, मानवतावाद. हिंदूचा वर्ग होणारच नव्हता, तीनच मुलं होती. आम्ही नवराबायको फॉर्म घेऊन बसलो, तर स्वप्निल म्हणाला, मानवतावाद टाक, माणसांशी चांगलं वागायला शिकवत असतील. मलाही वाटलं, आपल्याकडचं मूल्यशिक्षण असेल. झाडे लावा, खरे बोला.

नीलम : बाप्पा! अगं, आपल्या आईबापांहून जुनी संघटना आहे या मानवतावाद्यांची. सभासद आहेत, वर्गणी आहे. शाळेत शिक्षक पाठवतात, हॉस्पिटलात पेशंटपाशी बसायला माणसं पाठवतात. मयताच्या वेळी भटजी-पाद्र्याऐवजी बोलणारेही त्यांचे. इथला निम्म्याहून जास्त देश कुठलाच धर्म सांगत नाही आता, मग त्या लोकांसाठी कोणी काही करायला नको?

शलाका : ते मला काय माहीत! मी नेदरलँड्सच्या नकाशात अ‍ॅमस्टेलव्हीन शोधून इथे आले.

नीलम : बरं. रविवारी नेमकं काय झालं?

शलाका : मधूला होमवर्क होता. त्यांच्या बाईंनी, ती 'युफ' म्हणते त्यांना, तीन प्रश्न दिले होते. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला विचारायचे. लहानपणी कशाची भीती वाटायची? काय खायला आवडायचं? आणि तिसरा : पूर्वी तुम्ही काय मानत होतात जे आता मानत नाही, आणि कधीपासून? साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावून दिला. पहिल्या दोन प्रश्नांना नाना काय खुलले होते! विंचू आणि शेंगोळे. तेवढ्यात बेल वाजली, शेजाऱ्यांचं पार्सल आलं होतं, ते घ्यायला मी खाली गेले. पाच मिनिटं. वर आले तर कॉल बंद. मधू म्हणाली, नाना आजोबा म्हणाले, देव.

नीलम : म्हणजे?

शलाका : म्हणजे देव मानत नाहीत आता! नीलम, माझे वडील. रोज सकाळी तासभर पूजा. ताप असला तरी पूजा, माझ्या लग्नाच्या दिवशी पूजा. सोसायटीच्या गणपतीची प्राणप्रतिष्ठा तेच करतात. आणि आठ वर्षांच्या नातीला सांगतात, देव. चेष्टा केली असेल का?

नीलम : तुझे नाना चेष्टा करतात?

शलाका : नाही. तेच तर कळत नाहीये. आणि तेव्हापासून आई फोनवर येत नाही. सोमवारी म्हणे झोपली होती, काल म्हणे भाजीला गेली होती. भयंकर चिडली असणार त्यांच्यावर. मला नानांची काळजी वाटते गं. तिच्या रागापुढे ते काय टिकणार?

नीलम : नुसतं 'देव' म्हणाले? बाकी काही नाही? त्या बाई 'कधीपासून' पण लिहायला लावतात. मधूची वही कुठाय?

शलाका : दप्तरात असेल. मधू, ती वही आण गं इकडे, युफची.

मधू : आय रोट इट इन डच.

नीलम : चालेल राजा. वाच अन् आम्हाला मराठीत सांग.

मधू : नंबर थ्री. देव. आधी होता, मग नाही. नाइन्टीन नाइन्टी. बिकॉज देअर वॉज अ बेबी.

शलाका : कुठलं बेबी?

मधू : तुझा ब्रदर. यू हॅव अ ब्रदर, मम्मा?

शलाका : होता. माझ्या आधी. तापाने गेला. मी कधी पाहिला नाही त्याला. पुढे वाच.

मधू : त्याला ताप होता, व्हेरी हाय. डॉक्टर सेड, लगेच कराडला न्या. पण घरात सात दिवसांचं... प्रेइंग होतं. मध्ये उठायचं नाही. डे फाइव्ह होता. सो दे वेटेड. टू डेज.

नीलम : शलाका, बस खाली. बस.

शलाका : मला कुणी हे सांगितलं नाही. तापाने गेला, एवढंच. मधू, थांबू या असं कोण म्हणालं?

मधू : ते नाही लिहिलं. नाना आजोबा डिडन्ट से. त्यांनी नुसतं आजीकडे बघितलं.

शलाका : आजी तिथे होती?

मधू : ऑन द सोफा. लसूण सोलत होती. मग ती म्हणाली, 'मग इतकी वर्षं कुणासाठी?' आणि नाना आजोबा म्हणाले, 'तुझ्यासाठी.' मी दोन्ही लिहिलं. युफ सेज, लोक बोलतात तेच लिहायचं. आय गॉट अ स्टिकर.

नीलम : छान लिहिलंस हं. जा, वरच्या खोलीत खेळ जरा.

शलाका : पस्तीस वर्षं, नीलम. पस्तीस वर्षं खोटी पूजा?

नीलम : खोटी कशी? घासूनपुसून ठेवत होते नं देव? माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हा अख्ख्या वस्तीसमोर देव उतरवले. आजीनं स्वतः हात लावला. दोघांनी मिळून उतरवले. तुझ्या नानांनी एकट्यानं उतरवले, अन् उतरवलेले पुन्हा जागेवर मांडले. रोज.

शलाका : पण का? सोडून द्यायची होती पूजा!

नीलम : सोडली असती तर तुझ्या आईला काय कळलं असतं?

शलाका : ...की थांबून काही उपयोग नव्हता. की ती थांबा म्हणाली, आणि...

नीलम : हं.

शलाका : म्हणजे ती चिडलेलीच नाहीये. अगं, मी तीन दिवस नानांचीच काळजी करत बसले! 'जेवलात का, बीपीची गोळी घेतली का.' आईला कुणी काय विचारलं?

नीलम : लाव फोन. तिकडे पाच वाजले असतील.

(शलाका फोन स्पीकरवर ठेवते.)

नाना : बोल बाळ.

शलाका : नाना, आईला द्या.

नाना : ती वर गेलीय. गच्चीवर.

शलाका : कपडे काढायला?

नाना : नाही गं. बसते हल्ली तिथे. सोमवारपासून. अंधार पडेपर्यंत बसते, मग येते खाली.

शलाका : एकटी? नाना, एकटी?

नाना : मी कुठला चढतो ते जिने, या गुडघ्यांनी! हाका मारतो खालून. पूजा करायला बसलो तर म्हणाली, आता कशाला करताय. आणि बाहेर गेली. मी चुकलो का गं? पोरीनं इतकं सरळ विचारलं. मला कधी कुणी विचारलंच नव्हतं.

शलाका : नाही. नाही चुकलात. मला माहीत नाही, नाना. आईचा मोबाइल?

नाना : इथेच आहे. टीव्हीपाशी.

शलाका : बरं. तुम्ही दार उघडं ठेवा. ठेवते मी.

नीलम : शेजारी कोण आहे तुमच्या?

शलाका : शुभदाकाकू. लावते त्यांना. ...नाही उचलत, शाळेतून यायच्या असतील. सोसायटीच्या ग्रुपवरच टाकते.

नीलम : सगळ्यांना? काय सांगशील?

शलाका : काही सांगणार नाही. गप्प बस जरा, रेकॉर्ड करतेय. ...नमस्कार, मी शलाका, तिसऱ्या मजल्यावरच्या नानांची. जे कोणी हे आधी ऐकाल, ते जरा गच्चीवर जाल का? आई तिथे बसलीय. काहीतरी निमित्त काढा, विरजण मागा, काहीही. तिला एकही प्रश्न विचारू नका. शेजारी बसा नुसते. आणि ती खाली आली की मला सांगा. नाना बरे आहेत. तुम्ही आईला बघा.